होरिउची-सानांचा कलेजी-पेटा

तेत्सुओ होरिउचींनी अडतीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरात तीनच कामं केली होती. फ्रीजमध्ये बिअर ठेवली होती, फ्रीजमधून बिअर काढली होती आणि एकदा बल्ब बदलला होता. त्यामुळे मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ते बायकोचा एप्रन बांधून ओट्यासमोर उभे राहिले, तेव्हा मित्सुएबाईंना आधी वाटलं की पुन्हा बल्ब गेला.

"अहो, काय शोधताय?"

"कढई."

"कशाला?"

"तू बस. आजपासून तुझं जेवण मी करणार."

मित्सुएबाई बसल्या. एरवी त्यांना उभं राहिलं की चक्कर यायची, आज बसल्यावरही आली.

याला कारण डॉक्टर. सकाळी त्यांनी मित्सुएबाईंच्या रक्ताचा कागद पाहून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून पाहिलं. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार. लोहाच्या गोळ्या बाईंच्या पोटाला मुळीच सोसत नव्हत्या. "ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तुम्हाला पालखीपुढे चालायचंय ना?" डॉक्टर म्हणाले. "मग जुलैअखेर अकरा झालं पाहिजे. नाहीतर त्या उन्हात मी तुम्हाला सोडायचो नाही. कलेजी खा. रोज."

पालखीचं नाव काढल्यावर मित्सुएबाईंचा चेहरा पडला. कुरुमे शहराच्या त्या भागात देवाची पालखी आजवर फक्त पुरुषांनी उचलली होती. बायकांची वेगळी पालखी निघावी म्हणून मित्सुएबाई नऊ वर्षं मंडळाच्या बैठकांना जात होत्या, आणि नऊ वर्षं मंडळी "विचार करू" म्हणत होती. या वर्षी कसाबसा होकार मिळाला होता, तोही एका अटीवर. पालखीपुढे मोठा पंखा घेऊन आरोळी द्यायला सगळी रीत माहीत असलेली बाई हवी, आणि अशी बाई एकच होती. ती जर डॉक्टरांच्या कागदावर आडवी झाली असती, तर मंडळ पुढची नऊ वर्षं विचार करायला मोकळं होतं.

होरिउचींना हे सगळं ठाऊक होतं. बैठकांहून परत आलेल्या बायकोची तक्रार त्यांनी नऊ वर्षं ऐकली होती, म्हणजे पेपर वाचता वाचता ऐकली होती. आता नोकरी संपली होती, वेळ होता आणि मनात थोडी लाजही होती. शिवाय कलेजी म्हटल्यावर त्यांना एकदम स्फुरण चढलं. स्टेशनामागच्या इनोकुचींच्या इझाकायात, म्हणजे दारू मिळणाऱ्या छोट्या खानावळीत, ते एकतीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लसणाची पात घातलेला कोंबडीचा कलेजी-पेटाच खात आले होते. मालकाचा हात कसा फिरतो, कढई कधी झटकायची, सोया सॉस कुठल्या कडेने सोडायचा, सगळं त्यांना पाठ होतं.

अडचण फक्त एक होती. त्याच सकाळी त्याच डॉक्टरांनी होरिउचींचाही कागद पाहिला होता. वसंतात त्यांच्या पायाचा अंगठा टोमॅटोएवढा सुजला होता, यूरिक अॅसिड आभाळाला भिडलं होतं. "तुम्हाला बिअर बंद आणि कलेजी बंद," डॉक्टर म्हणाले होते. "एक घाससुद्धा नाही." अशा रीतीने त्या घरात एकाला कलेजी खायचीच होती आणि दुसऱ्याला अजिबात खायची नव्हती, आणि स्वयंपाक दुसऱ्याने हातात घेतला होता.

"चव कशी बघणार हो तुम्ही?" मित्सुएबाईंनी विचारलं.

"एकतीस वर्षं खाल्लंय मी. चव तोंडात बसलेली आहे. बघायची काय?"

आता, इनोकुचींच्या दारावरचा कापडी पडदा पाच वाजता दुकान उघडताना लागायचा. होरिउची साडेसहाला पोचायचे. दुपारी दोनपासून पाचपर्यंत आत काय चालतं, हे त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मालक कलेजीतलं रक्त धुतो, शिरा काढतो, ती दुधात भिजवतो, पेट्यावरचं, म्हणजे कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पिशवीवरचं, पांढरं कातडं सुरीने सोलतो, मग सगळं कोरडं पुसून थाळीत मांडतो. होरिउचींना दिसायची ती थाळी. कोंबडीच्या पोटात ते तुकडे असेच चकचकीत आणि एकसारखे असतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तेव्हा त्यांनी पिशवी उघडली आणि सगळं जसंच्या तसं तापल्या कढईत ओतलं. कढई इनोकुचींसारखीच झटकली, तेव्हा चार पेटे शेगडीच्या मागे गेले. पात आणि मुगाचे मोड त्यांनी सुरुवातीलाच घातले, कारण रंग चांगला दिसत होता. तेल मात्र मोजून एकच चमचा, कारण हे आरोग्याचं जेवण होतं. शेवटी मालकासारखी "घ्या, झालं!" अशी आरोळी ठोकून त्यांनी बशी बायकोपुढे ठेवली आणि समोर गुडघे मोडून बसले.

मित्सुएबाईंनी एक तुकडा तोंडात घातला. कलेजी कडू होती आणि आतून कच्ची होती. पेटा त्यांनी चावायला घेतला तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या. हवामानाचा अंदाज संपला तरी तो तोंडातच होता. पात कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

समोर नवरा बसला होता. कपाळावर घाम, एप्रनची गाठ पुढून बांधलेली आणि डोळ्यांत एवढी आशा, की लग्नाच्या बोलणीलाही ती दिसली नव्हती. अशा माणसाला खरं काय ते सांगायचं कसं?

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

"काही कमी-जास्त?"

"छे हो. अगदी इझाकायातल्यासारखं." त्या कधी इझाकायात गेल्याच नव्हत्या, त्यामुळे हे खोटं आहे असं त्यांना छातीठोकपणे म्हणता आलं नसतं.

होरिउची त्या रात्री गुणगुणत झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुप्पट केलं.

तीन दिवस मित्सुएबाईंनी दात-ओठ खाऊन ते खाल्लं. चौथ्या दिवशी नवरा आंघोळीला गेल्यावर त्यांनी अर्धी कढई एका डब्यात भरली आणि शेजारच्या नागासेबाईंना नेऊन दिली. अन्न टाकवत नव्हतं आणि गिळवत नव्हतं, मग दुसरं काय करणार? नागासेबाई पालखीच्या गटातल्याच, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, जेवायला एकट्या.

डबा रिकामा परत करायचा नसतो. दुसऱ्या दिवशी नागासेबाईंकडून त्याच डब्यात आलं घालून शिजवलेल्या शिंपल्यांतल्या तिसऱ्या आल्या, आणि सोबत चिठ्ठी: "फारच रुचकर होतं. एवढा त्रास कशाला घेतलात?"

चिठ्ठी होरिउचींच्या हाती लागली. "बघितलंस? नागासे-सानांना आवडलं! मी म्हणतच होतो, दोघांपुरतं करण्यात मजा नाही." त्या दिवशी त्यांनी तिप्पट केलं.

मग मित्सुएबाईंनी एक डबा समोरच्या उत्सुनोमिया आजोबांकडेही पोचवला. आजोबा एक्याऐंशीचे, जन्मभर न्हाव्याचं दुकान चालवलेले, बोलायला अत्यंत गोड. त्यांच्याकडून तीळ वाटून लावलेला पालक आला, आणि "या वयात असं खायला मिळणं हे भाग्य" अशी चिठ्ठी आली. होरिउचींनी ती फ्रीजवर चिकटवली आणि कोंबडीवाल्याला सांगून टाकलं, रोज एक किलो वेगळं काढून ठेव.

जून संपेपर्यंत त्या गल्लीतल्या नऊ घरांत होरिउचींचा कलेजी-पेटा जाऊ लागला, आणि नऊ घरांतून भरलेले डबे परत येऊ लागले. कुणी तारल्या, कुणी सोयाबीन घालून शिजवलेलं समुद्री शेवाळ, कुणी टोफू. कलेजी जितकी जास्त जाई तितकी चिठ्ठ्यांची भाषा फुलत जाई. एकीने तर "अविस्मरणीय" असं लिहिलं होतं, आणि ती शंभर टक्के खरं बोलत होती. गल्लीतली मांजरं मात्र दिवसेंदिवस तुकतुकीत होत होती. होरिउची बाहेर पडले की चार-पाच मांजरं त्यांच्या मागे निघत, आणि प्राण्यांना चांगला माणूस कळतो, असं ते मित्सुएबाईंना कौतुकाने सांगत.

जूनअखेरच्या तपासणीत मित्सुएबाईंचा आकडा आला दहा पूर्णांक सहा.

"वा!" आरोग्य केंद्रातल्या आहारतज्ज्ञ कागावाबाई खुर्चीतून उठल्याच. "गोळ्यांशिवाय? काय खाता तुम्ही?"

मित्सुएबाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर शेजारच्या खुर्चीतून आलं. "कलेजी-पेटा. मी करतो. पात घालून. तेल फक्त एक चमचा."

"होरिउची-सान, हे तुम्ही सगळ्यांना करून दाखवायलाच हवं!"

आणि आठवड्याभरात केंद्राच्या दारावर कागद लागला: दहा जुलै, शनिवार, दुपारी दोन वाजता. घरच्या घरी इझाकाया, रक्त वाढवणारा कलेजी-पेटा. करून दाखवणार श्री. तेत्सुओ होरिउची. खाली त्यांचा एप्रनमधला फोटो होता. त्यांनी घरी आरशासमोर भाषणाची तालीम सुरू केली.

मित्सुएबाईंनी तीनदा सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा आरशासमोरचा नवरा पाहून परत फिरल्या. शेवटी त्या नागासेबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"नागासे-सान, देवाशपथ खरं सांगा. तुम्ही ते खाता का हो?"

नागासेबाईंनी आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी खाल्लं."

"आणि मग?"

"मग उत्सुनोमिया-सानांकडे पाठवते. पुरुषमाणूस आहे, खात असेल."

"अगं बाई! त्यांना तर मीही पाठवते!"

दोघी तडक समोरच्या घरी गेल्या. उत्सुनोमिया आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "तुमची दोघींची माया मोठी," ते शेवटी म्हणाले. "पण माझी कवळी आहे. मी ते मांजरांना देतो. तीसुद्धा धुऊन दिल्याशिवाय खात नाहीत. पेटा तर सोडूनच देतात."

मित्सुएबाई दोघांकडे आळीपाळीने पाहू लागल्या. "मग हो आता? शनिवारी सगळ्यांसमोर? मंडळाचे लोकही येणार आहेत. यांचं हसं होईल."

"होणार नाही," नागासेबाई पदर खोचल्यासारख्या म्हणाल्या. "आपण सगळ्या नऊ घरांनी पहिल्या रांगेत बसायचं. त्यांनी बशी ठेवली की एका सुरात म्हणायचं, फारच रुचकर. मागच्यांना कळायच्या आत आपण बशा संपवायच्या. पोटात गेलं की पुरावाच उरत नाही." नऊ घरांनी अशी शपथ घेतली. खोटं बोलायचं ठरवल्यावर त्या गल्लीत जेवढी एकजूट झाली, तेवढी पालखीसाठीही कधी झाली नव्हती.

शनिवारी केंद्राचं सभागृह भरलं. पहिल्या रांगेत गल्ली बसली होती, प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची बाटली. होरिउचींनी आच किती असावी यावर बोलून घेतलं, इनोकुचींच्या हाताची नक्कल करून दाखवली, कढई झटकली. धूर झाला, टाळ्या झाल्या. "घ्या, झालं!" अशी आरोळी झाली आणि पहिली बशी भरली.

"आधी करणाऱ्याने चव बघायची," कागावाबाई हसत म्हणाल्या.

"मला बंदी आहे."

"मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. एक तुकडा चालेल. लोकांना विश्वास वाटतो हो."

पहिल्या रांगेचा श्वास अडकला. होरिउचींनी मोठ्या समाधानाने बशी हातात घेऊन एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दोन महिन्यांनी जुनी मैत्रीण भेटावी अशी त्यांची अपेक्षा होती.

ते चावत राहिले. त्यांचे डोळे उघडले आणि भुवया हळूहळू वर गेल्या. त्यांनी बशी टेबलावर ठेवली.

बशी ठेवली म्हणजे म्हणायचं, असं ठरलं होतं. पहिली रांग एका सुरात ओरडली, "फारच रुचकर!"

अजून कुणालाही काही वाढलेलं नव्हतं.

होरिउचींनी तो घास कसाबसा गिळला. त्यांनी पहिल्या रांगेकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, आणि मग त्यांची नजर बायकोवर येऊन थांबली.

"मित्सुए," ते म्हणाले, "हे तू दोन महिने खाल्लंस?"

"तीन दिवस," मित्सुएबाई पुटपुटल्या.

"आणि बाकीचं?"

नागासेबाईंनी हळूच हात वर केला. मग दुसरा हात आला, मग तिसरा. नऊ हात वर झाले. "मी नुसता पुढे पाठवायचो," उत्सुनोमिया आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले, "मांजरांना."

"मग तुझं रक्त कशाने वाढलं?"

"तिसऱ्यांनी," मित्सुएबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तारल्यांनी. उत्सुनोमिया-सानांच्या पालकाने. तुम्ही इतक्या हौसेने करायचात हो. मला सांगवेना. माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही काही शिजवलं होतं."

कागावाबाईंनी दारावरचा कागद काढायला जावं की नको, अशा बेताने अर्धं पाऊल उचललं. मागच्या रांगेतले मंडळाचे लोक एकमेकांना कोपरं मारू लागले. होरिउची लालबुंद झाले होते. ते टेबलाच्या बाजूने पुढे आले आणि पहिल्या रांगेसमोर कंबरेतून असे वाकले की एप्रन जमिनीला लागला.

"दोन महिने," ते तसेच वाकून म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना फार सोसावं लागलं. हे अत्यंत वाईट झालेलं आहे. मांजरांचीही क्षमा मागतो. आता मेहरबानी करून कुणीतरी खरं सांगा, चुकतंय काय माझं?"

मग नागासेबाईंचा बांध फुटला. "दूध! दुधात भिजवा हो ती कलेजी आधी! दोन महिने जिभेवर आलंय माझ्या!"

"आणि पेट्याचं पांढरं कातडं!" दुसरीकडून आवाज आला. "ते सोलतात! चप्पल चावल्यासारखं लागतं!"

"पात शेवटी घालायची, शेवटी! ती काय उकडायला आणलीय?"

"आलं कुठाय? आल्याशिवाय कसला कलेजी-पेटा?"

"कढईत एकदम किलोभर ओतलं तर पाणीच सुटणार ना, होरिउची-सान!" शेवटी आजोबाही उठले. "आणि सुरीला धार नाही तुमच्या. मी केस कापायचो, मला दिसतं ते."

दोन महिने चिठ्ठ्यांत "रुचकर" लिहून तुंबलेली ती गल्ली एकदम वाहू लागली. सगळे बोलत होते, हसत होते, टेबलाभोवती दाटीवाटी करत होते. केंद्राच्या फ्रीजमधून दूध आलं. न शिजवलेली अर्धा किलो कलेजी त्यात पडली, आजोबांनी सुरीला धार लावली आणि वीस मिनिटं पेट्याची कातडी सोलण्याचे धडे चालले. होरिउचींनी खिशातली भाषणाची वही उलटी केली आणि मागच्या पानांवर सगळं लिहून घेतलं. मंडळाचे अध्यक्षही पुढे येऊन एक पेटा सोलून गेले, तोही चुकीचा.

दुसऱ्या खेपेला थोडं थोडंच कढईत गेलं. आलं तडतडलं, कलेजीला बाहेरून रंग चढला, आणि पात अगदी शेवटी पडली, तेव्हा मागच्या रांगेपर्यंत वास गेला. पहिली बशी मित्सुएबाईंपुढे आली. त्यांनी एक तुकडा खाल्ला. कुणी काही विचारायच्या आत दुसरा उचलला, मग तिसरा. या वेळी कुणी काही ओरडलं नाही, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

घरी जाताना होरिउची वहीची मागची पानं चाळत चालले होते. "म्हणजे माझ्या हाताचा काही उपयोग झाला नाही," ते शेवटी म्हणाले.

"असं कसं? तुम्ही पहिल्याच दिवशी चांगलं केलं असतंत, तर मी ते एकटीने खाल्लं असतं. शेजारी वाटलं नसतं. मग नागासे-सानांच्या तिसऱ्या आपल्याकडे कशाला आल्या असत्या?"

होरिउचींनी यावर दोन चौक विचार केला. त्यात कुठेतरी खोट आहे हे त्यांना कळत होतं, पण ती नेमकी कुठे ते सापडेना, आणि शोधायची त्यांना फारशी इच्छाही नव्हती.

त्यानंतर रोज कलेजी दुधात भिजली. मित्सुएबाई बशी पुसून खाऊ लागल्या. शेजारी काही पोचेनासं झालं, तेव्हा नागासेबाईच एक दिवस हातात मोकळी वाटी घेऊन आल्या आणि न लाजता म्हणाल्या, "घाला हो थोडं." जुलैच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा पुसला नाही, आणि सांगितलं, "अकरा पूर्णांक दोन. टोपी घाला आणि पाणी पीत राहा. जा."

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी मित्सुएबाई निळा अंगरखा घालून, कपाळाला पट्टी बांधून जेवायला बसल्या. होरिउचींनी बशी पुढे ठेवली आणि पहिल्या दिवसासारखेच समोर गुडघे मोडून बसले. बाईंनी एक घास खाल्ला, थोडं थांबल्या आणि नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"आज खारट झालंय."

"खारट?"

"चांगलंच खारट. घाई केलीत तुम्ही. आणि आलं कमी पडलंय."

अडतीस वर्षांत बायकोने त्यांना तोंडावर असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विनाकारण खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या नीट करतो," ते म्हणाले.

"उद्या करा. आता चला, उशीर होतोय." मित्सुएबाईंनी भाताबरोबर सगळी बशी संपवली, वर भांडंभर पाणी प्यायल्या आणि पंखा उचलला.

देवळापुढे चाळीस बायका पालखीच्या दांड्यांना खांदे लावून उभ्या होत्या. मंडळाचे लोक सावलीत बसून बघत होते. मित्सुएबाई पुढे झाल्या, पंखा उंच धरला आणि अशी आरोळी दिली की कौलांवरची कबुतरं उडाली. "वाश्शोइ!" चाळीस गळ्यांनी उत्तर दिलं आणि पालखी उठली. उन्हात उभे असलेले होरिउची शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "ती माझी बायको. आज सकाळीच मला म्हणाली, खारट झालंय."